टॅकलच्या आधीचं काम: महिला फुटबॉलमधल्या व्यावसायिक बचावपटूची वाट

चांगल्या बचावपटूच्या सामन्यात टॅकल कमी दिसतात. पास निघण्याआधीच ती दोन पावलं सरकलेली असते, त्यामुळे समोरची खेळाडू तो पास देतच नाही. पंचाईत अशी की न घडलेली गोष्ट व्हिडिओत भरत नाही आणि आकडेवारीतही येत नाही. म्हणून या जागेवर पोट भरायचं असेल तर दोन कामं सोबतच करावी लागतात. टॅकलची वेळ येऊ न देणं शिकायचं, आणि ते आपल्याला येतं हे निवड करणाऱ्याला दिसेल अशी सोय करायची. गुडघा आणि करार यांपैकी एक जरी बिघडला तर दोन्ही कामं पाण्यात जातात, त्यामुळे त्यांनाही खाली भरपूर जागा दिली आहे.

आधी जागा ठरवा, पण घाई नको

‘बचावपटू’ या एका शब्दात तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत. सेंटर बॅकला फळी (मागच्या बचावपटूंची रांग) हलवायची असते, हेडर जिंकायचे असतात आणि मागून खेळ उभा करायचा असतो. फुल बॅकला कडेने येणारी विंगर अडवायची आणि चेंडू आपल्याकडे आला की पुढे धावायचं. मागे तीन सेंटर बॅक असतील तर कडेची खेळाडू विंग बॅक होते, आणि तिचं निम्मं काम चढाईचं असतं. व्यावसायिक सामन्यात खेळाडू साधारण १० किलोमीटर धावते. सेंटर बॅकचं अंतर त्याहून थोडं कमी भरतं आणि फुल बॅकचं थोडं जास्त. खरी तफावत वेगात कापलेल्या अंतरात आहे. फुल बॅक पुन्हा पुन्हा ४०-५० मीटर पूर्ण वेगाने पळते आणि तितक्याच वेगाने परतते.

सेंटर बॅक उंचच हवी, हा समज अर्धाच खरा आहे. फ्रान्सची वेंडी रेनार १.८७ मीटर उंच आहे आणि कॉर्नरवर ती गोलही करते. अमेरिकेची नेओमी गिर्मा सुमारे १.६८ मीटरची आहे. जानेवारी २०२५ मध्ये ती सॅन दिएगो वेव्हकडून चेल्सीकडे गेली, तेव्हा महिला फुटबॉलमधली १० लाख डॉलरच्या वर गेलेली पहिली बदली एका सेंटर बॅकच्या नावावर लागली. तिची किंमत ठरली ती अंदाज, पास आणि एकास एक बचाव यांवर. उंची कमी असेल तर सेंटर बॅक होता येतं, फक्त बाकीच्या तीन गोष्टींत सूट मिळत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मधल्या फळीतही खेळा आणि कडेलाही खेळा. अमेरिकेची ब्रँडी चॅस्टेन आघाडीला खेळून मग बचावात आली. क्रिस्टल डन क्लबसाठी गोल करत असताना राष्ट्रीय संघात लेफ्ट बॅक (डावी फुल बॅक) खेळली. स्ट्रायकर काय शोधते हे जिने स्वतः शोधलेलं असतं, तिला ते नंतर अडवणं सोपं जातं. बाराव्या वर्षी उंची पाहून सेंटर बॅक केलेल्या मुलीला उलटा तोटा होतो. तिच्याभोवती चारी बाजूंनी खेळाडू असतील अशी वेळच येत नाही, आणि अठराव्या वर्षी पाठीवर दबाव आला की तिला चेंडू घेता येत नाही.

एकास एक: शेवटचे पाच मीटर

बहुतेक चुका टॅकलमध्ये होत नाहीत. त्या टॅकलच्या आधीच्या पाच मीटरमध्ये होतात.

समोरच्या खेळाडूकडे पास निघाला की चेंडू वाटेत असेपर्यंत पूर्ण वेगाने अंतर कापायचं. तो तिच्या पायाशी पोहोचायच्या आत तुमचा वेग उतरायला लागला पाहिजे. शेवटच्या तीन-चार मीटरमध्ये पावलं लहान करा आणि कंबर खाली आणा. धावत अंगावर आलेल्या बचावपटूला चकवायला एकच स्पर्श पुरतो, कारण तिला थांबताच येत नाही.

मग दीड-दोन मीटरवर तिरकं उभं राहायचं. एक पाय पुढे, वजन चवड्यांवर, हात शरीराजवळ. छाती सरळ समोर करून उभं राहिलात तर चेंडू दोन पायांमधून जातो, आणि तो कडेने गेला तरी वळायला एक पाऊल जास्त लागतं. तिरकं उभं राहण्याचा आणखी एक उपयोग म्हणजे दिशा तुम्ही ठरवता. साधारणपणे तिला बाजूरेषेकडे ढकला, कारण रेषा ही फुकट मिळालेली सहकारी आहे. मात्र आतल्या बाजूला तुमची मिडफिल्डर मदतीला उभी असेल आणि विंगरचा क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) घातक असेल, तर तिला आत, दुबळ्या पायावर आणणं शहाणपणाचं. कव्हर, म्हणजे मदतीची सहकारी, कुठे आहे हे न पाहता दिशा ठरवली की दोघी एकाच बाजूला अडकतात.

नजर चेंडूवर ठेवा. खांदे, डोळे, पायाची हूल हे सगळं फसवण्यासाठी असतं.

पाय कधी घालायचा? चेंडू तिच्या पायापासून एक हात सुटला, पहिला स्पर्श लांब गेला, ती पाठ करून वळू पाहतेय किंवा मदतीला दुसरी येऊन पोहोचली, यांपैकी काहीतरी घडलं तर. चेंडूच्या जवळचा पाय वापरा, घोटा घट्ट ठेवा आणि शरीराचं वजन मागे सोडू नका. यांपैकी काहीच घडलं नाही तर मागे सरकत राहा. तुम्ही तिला पाच सेकंद खोळंबवलं, तेवढ्यात तीन सहकारी मागे आल्या, तर टॅकल न करताही काम झालं.

आणि ती गेलीच, तर तिच्या मागे पळू नका. जवळच्या गोलपोस्टच्या दिशेने पळा. चेंडूमागे पळणारी बचावपटू गोलापर्यंत चेंडूमागेच राहते.

घसरून केलेला टॅकल प्रेक्षकांना आवडतो. प्रशिक्षकांना तितका नाही, कारण तो चुकला की दोन सेकंद तुम्ही जमिनीवर आणि संघ दहाचा. क्रॉस अडवायला किंवा गोलरेषेवरून चेंडू काढायला तो ठेवून द्या.

सरावाला १० बाय १५ मीटरची चौकट पुरे. चढाई करणारी एका टोकाला, तुम्ही दुसऱ्या टोकाला, पास देऊन सुरुवात. एक फेरी सहा ते आठ सेकंदांची, मध्ये ४०-४५ सेकंद विश्रांती, सहा फेऱ्यांचा एक संच, असे तीन संच, आठवड्यातून दोनदा. विश्रांती कापून फेऱ्या वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलं की तो दमसासाचा व्यायाम होतो. दमलेल्या पायांनी उशिरा पोहोचून पाय घालण्याची सवय लागते, आणि ती मोडायला पुढे महिने जातात.

फळी वर की मागे

हा प्रश्न सामन्यात शेकडो वेळा येतो आणि त्याचं उत्तर चेंडूवर दबाव आहे की नाही यावर ठरतं. चेंडूवाल्या खेळाडूसमोर आपली कोणी उभी आहे, तिची मान खाली आहे, ती मागे वळली आहे किंवा पास मागे जातोय, असं दिसलं की वर सरका. चेंडू मोकळा आहे, तिची मान वर आहे आणि पाय मागे उचलला गेलाय, तर ताबडतोब मागे. पाच-सात मीटर, शरीर अर्धं वळवून. उलट्या पावलांनी मागे जाणाऱ्या सेंटर बॅकला कोणतीही स्ट्रायकर पळण्यात मागे टाकते.

दोन सेंटर बॅकमध्ये साधारण १०-१२ मीटर अंतर असावं. एक चेंडूवर गेली की दुसरी तिच्या मागे चार-पाच मीटरवर, तिरकी. दोघी एका रेषेत राहिल्या तर एका पासने दोघी बाद होतात. चार जणींपैकी एक अर्धा मीटर मागे राहिली तर ऑफसाइड (पास निघताना प्रतिस्पर्धी शेवटच्या बचावपटूच्याही पुढे असणं) सगळ्यांची गेली. ही चूक बहुतेकदा चेंडूपासून सर्वांत लांबच्या फुल बॅककडून होते, कारण तिला वाटतं खेळ तिकडे चाललाय.

फळी हलते ती आवाजावर. शब्द छोटे हवेत: ‘वर’, ‘मागे’, ‘पाठीवर’, ‘सोड’, ‘माझा’. परदेशी क्लबमध्ये गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्या भाषेतले हे असे दहा शब्द पाठ करा. व्याकरण सावकाश आलं तरी चालेल. शांत बसणारी सेंटर बॅक कितीही हुशार असली तरी प्रशिक्षक तिच्या जागी बोलणारीला खेळवतो.

नियमांतल्या काही गोष्टी बचावपटूला गोलरक्षकाइतक्याच पाठ हव्यात. ऑफसाइड मोजताना हात धरत नाहीत. काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीपर्यंतचा भाग हातात मोजला जातो. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट ऑफसाइड नसतो, तरी थ्रो-इनच्या वेळी फळी वर ठेवून हात उंचावणाऱ्या खेळाडू व्यावसायिक स्तरावरही दिसतात. पंचांच्या परवानगीशिवाय मैदानाबाहेर गेलेली बचावपटू ऑफसाइडच्या हिशेबात आपल्या रेषेवरच उभी आहे असं धरतात. म्हणजे रेषेपलीकडे पडून राहिलात तर सगळ्या प्रतिस्पर्धी ऑनसाइड.

गोलची उघड संधी हिरावली का, हे ठरवताना पंच चार गोष्टी पाहतात: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडूवर ताबा राहण्याची किंवा मिळण्याची शक्यता, आणि बाकीच्या बचावपटू किती व कुठे आहेत. पेनल्टी बॉक्समध्ये चेंडूसाठी प्रयत्न करताना असा फाउल झाला तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड. शर्ट ओढला, धरलं किंवा ढकललं तर पेनल्टी आणि लाल. २०१६ पासूनचा हा फरक माहीत असूनही हात आपोआप शर्टकडे जातो. मागून पळत असाल तर हात मागे ठेवण्याचा सराव मुद्दाम करा. एका लाल कार्डात चालू सामना जातो आणि पुढचा किमान एक.

चेंडू पायात आल्यावर

२०१९ पासून गोल किकवर सहकाऱ्याला बॉक्सच्या आतच चेंडू घेता येतो. तेव्हापासून सेंटर बॅकचं मोल पासवर ठरू लागलं. चेंडू येण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे पाहा. एकदा पास निघण्यापूर्वी, एकदा तो वाटेत असताना. चेंडू लांबच्या पायावर घ्या, म्हणजे शरीर उघडं राहून मैदानाच्या दोन्ही बाजू दिसतात. जवळच्या पायावर घेतलात तर परतीचा एकच पास उरतो, आणि दाबायला आलेली स्ट्रायकर नेमकी त्याचीच वाट पाहत असते.

रोजच्या सरावानंतर पंधरा मिनिटं यासाठी काढा. भिंतीवर दुबळ्या पायाने ४० पास, मग ३०-४० मीटरचे तिरके पास प्रत्येक पायाने दहा-दहा. दुबळ्या पायाचं महत्त्व पटत नसेल तर १९९९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. चॅस्टेन उजव्या पायाची, पण प्रशिक्षकांनी सांगितल्यावरून निर्णायक पेनल्टी तिने डाव्या पायाने मारली आणि अमेरिका जिंकली. बचावपटूने गोल करू नये असा काही नियम नाही. २०२३ मध्ये स्पेनची लेफ्ट बॅक ओल्गा कार्मोनाने उपांत्य फेरीत स्वीडनविरुद्ध विजयी गोल केला आणि अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्धचा एकमेव गोलही तिचाच होता.

हेडर, आणि डोकं सांभाळणं

कपाळाचा वरचा सपाट भाग, केसांच्या रेषेच्या किंचित खाली. डोळे उघडे, तोंड बंद, मान घट्ट. बचावाचा हेडर उंच, लांब आणि कडेला जायला हवा. त्यासाठी चेंडूच्या मध्याच्या थोडं खाली कपाळ लागलं पाहिजे. धावत येऊन एका पायावर उडी घ्या आणि हात तोलासाठी पसरा, पण कोपर खांद्याच्या वर गेलं की कार्डाचा धोका. डोळे मिटले की चेंडू टाळूवर बसतो, दुखतो आणि समोरच्या खेळाडूच्या पायात पडतो.

अमेरिकेत १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडर बंद आहेत. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंनाही सरावाच्या एका आठवड्यात जोराचे दहाच हेडर, अशी शिफारस आहे. तंत्र शिकायला हाताने टाकलेला हलका चेंडू पुरतो. मानेचे व्यायाम, म्हणजे चारही दिशांना हाताने विरोध देत दहा-दहा सेकंद, आठवड्यातून तीनदा करा.

डोक्याला मार लागून भोवळ, मळमळ, धूसर दिसणं किंवा गोंधळ यांपैकी एक जरी जाणवलं तरी त्या दिवशीचा खेळ संपला. परतीच्या टप्प्यांत प्रत्येकाला किमान २४ तास द्यायचे, आणि लक्षणं उलटली तर एक टप्पा मागे. ‘मी ठीक आहे’ हे त्या क्षणी खेळाडूचं मत म्हणून धरायचंच नाही.

गुडघा

स्त्री खेळाडूंमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट, तुटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. बहुतेक वेळा कोणी धडकलेलंही नसतं. दिशा बदलताना किंवा उडीनंतर उतरताना गुडघा आत वळतो, पाय जवळजवळ सरळ असतो आणि शरीर एका बाजूला कललेलं असतं. बचावपटूला तर दबाव टाकायला जाताना अचानक थांबून बाजूला वळावं लागतं. लहान पावलं आणि खाली आणलेली कंबर फक्त चेंडूसाठी नाहीत, गुडघ्यासाठीही आहेत.

फिफाचा ‘११ प्लस’ हा सुरुवातीचा व्यायाम सुमारे २० मिनिटांचा आहे: आठ मिनिटं हळू धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगाने धावणं. नियमित केला तर दुखापती ठळकपणे घटतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ‘नियमित’ या शब्दावरच गाडी अडते. आठवड्यातून दोन-तीनदा, पूर्ण हंगामभर, आणि घाईत मधला भाग न गाळता. लोक नेमका तोच गाळतात, कारण तोच कठीण आहे. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे जोडीदाराने धरलेले, शरीर हळूहळू पुढे झुकवणं) तीन ते पाच वेळांपासून सुरू करा आणि काही आठवड्यांत सात ते दहापर्यंत न्या. एका पायावरून उडी मारून उतरताना समोरून फोनवर चित्रण करा. गुडघा अंगठ्याच्या आत जाताना दिसला तर अजून वजन वाढवू नका.

लिगामेंट तुटलाच, तर शस्त्रक्रियेनंतर स्पर्धेत परत यायला किमान नऊ महिने धरा. तारखेवर जाऊ नका. दुखऱ्या पायाची ताकद आणि एकपायी उड्या चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आल्या का, ते मोजा. इंग्लंडची कर्णधार लीह विल्यमसन एप्रिल २०२३ मध्ये जखमी झाली आणि विश्वचषकाला मुकली. ती जानेवारी २०२४ मध्ये मैदानात परतली आणि २०२५ मध्ये कर्णधार म्हणून युरो जिंकली. त्याच स्पर्धेत ल्युसी ब्रॉन्झ नडगीच्या हाडाला तडा गेलेला असताना खेळली. ते धाडस खरं, पण अनुकरणासाठी नाही.

बूट पृष्ठभागानुसार बदला. नैसर्गिक गवताचे लांब खिळे कृत्रिम मैदानात अडकतात, पाय तिथेच राहतो आणि गुडघा वळतो. पुरुषांच्या साच्याचे बूट पुष्कळ जणींना टाचेला सैल पडतात. दुकानात संध्याकाळी, खेळायचे मोजे घालून मापा.

पाळी सलग तीन महिने आली नाही तर ते ‘सराव जोरात चाललाय’ याचं लक्षण समजू नका. बहुधा शरीराला खर्चाएवढं खाणं मिळत नाहीये, आणि त्याचा पुढचा टप्पा म्हणजे हाडांना बारीक तडे. डॉक्टरांकडे जा, रक्तातलं लोह आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. कोणतंही पूरक पावडर-गोळी घेण्याआधी संघाच्या डॉक्टरांना दाखवा. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूवरच असते, तो कसाही आत गेलेला असो.

स्वतःला दाखवायचं कसं

व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा, १५ ते २० तुकड्यांचा. बचावपटूंचे बहुतेक व्हिडिओ फसतात ते एकाच कारणाने: तुकडा टॅकलपासून सुरू होतो. तो घटनेच्या पाच-सहा सेकंद आधीपासून सुरू करा, म्हणजे तुम्ही कुठे उभ्या होता, कधी मागे पाहिलंत, कधी सरकलात ते दिसेल. सुरुवातीला दोन सेकंद स्वतःभोवती वर्तुळ दाखवा. संगीत नको.

कॅमेरा मध्यरेषेच्या जवळ, तीन-चार मीटर उंचीवर, स्टँडवर लावा. चौकटीत पूर्ण बचावफळी आली पाहिजे. चेंडूमागे धावणारं चित्रण स्ट्रायकरला चालतं, तुम्हाला नाही.

पहिल्या मिनिटात सगळ्यात चांगलं टाका. मग वेगवेगळ्या गोष्टी: एकास एक, परतीची धाव, हवेतला चेंडू, दबावाखालचा पास, दुबळा पाय. आणि किमान तीन तुकडे असे, की तुम्ही सरकलात म्हणून पास गेलाच नाही. तिथे बाण काढून दाखवायला लाजू नका. सोबत दोन पूर्ण सामने द्या, त्यातला एक हरलेला असू द्या. निवड करणारे तो आधी उघडतात, कारण दोन गोल खाल्ल्यावर फळी कशी उभी राहते ते त्यांना पाहायचं असतं. पहिल्या पाटीवर जन्मवर्ष, उंची, भरवशाचा पाय, जागा, राष्ट्रीयत्व आणि करार कधी संपतो एवढं पुरे.

ट्रायल्समध्ये अनोळखी मुलींबरोबर फळी करावी लागते. पहिल्या दहा मिनिटांत शेजारणीचं आणि गोलरक्षकाचं नाव पाठ करा, फळी कुठे ठेवायची ते विचारा आणि बोलायला लागा. चेंडू घेऊन चार जणींना चकवायला जाऊ नका. चूक झाली तर पुढच्या दहा सेकंदांत काय करता हेच पाहिलं जातं. नकार मिळाला तर तो त्या एका निवडीपुरता. रेनारला फ्रान्सच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्राने घेतलं नव्हतं. ती लिऑन क्लबकडे गेली आणि तिथे आठ चॅम्पियन्स लीग जिंकली.

दोन रस्ते, आणि त्यांचे नाके

युरोपात रस्ता क्लबच्या अकादमीतून जातो, अमेरिकेत बहुधा विद्यापीठातून. गिर्मा स्टॅनफर्डची. ब्रॉन्झ इंग्लंडहून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जाऊन खेळली आणि २०२० मध्ये फिफाची सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली बचावपटू. विद्यापीठात शिक्षण होतं आणि शरीर पक्कं व्हायला वेळ मिळतो, पण हंगाम छोटा असतो. अकादमीत वर्षभर सामने मिळतात, पण शिक्षणाची जबाबदारी स्वतःची. विद्यापीठाकडे जायचा विचार असेल तर आधी व्यावसायिक करारावर सही करू नका, पात्रता जाऊ शकते. अमेरिकन लीगने २०२४ मध्ये ड्राफ्ट (क्लबांनी आळीपाळीने नव्या खेळाडू निवडण्याची पद्धत) बंद केला, त्यामुळे आता तिथल्या खेळाडू थेट क्लबशी बोलून करार करतात.

१८ वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे होणाऱ्या बदलीला फिफाने मनाई केलेली आहे. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणाने तिकडे राहायला गेले, युरोपीय संघाच्या आतली १६ ते १८ वयाची बदली, सीमेलगतचं घर, असे. सोळा वर्षांच्या मुलीला परदेशी क्लबचं आश्वासन देऊन ‘नोंदणी शुल्क’ मागणारा माणूस भेटला तर बोलणं तिथेच थांबवा.

करार वाचताना

एजंटकडे फिफाचा परवाना आहे का ते फिफाच्या यादीत तपासा. खेळाडू-एजंट करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. त्याहून लांब कागद पुढे आला तर तो बाजूला ठेवा.

क्लबशी करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, १८ खालच्यांसाठी तीन. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणी करायला मोकळीक असते. वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी होते. ‘तपासणीत पास झाली तरच करार वैध’ अशी अट फिफाच्या नियमांत बसत नाही. वर्क परमिटचंही तसंच.

आकड्यापेक्षा या गोष्टींवर जास्त वेळ घालवा: दुखापतीच्या काळात पगार किती आणि किती दिवस, शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येईल का आणि त्याचे पैसे कोण देणार, घर कोणाच्या नावावर, संघ खालच्या श्रेणीत गेला तर पगार कापला जातो का. ‘एक वर्ष वाढवण्याचा पर्याय’ लिहिलेला असेल तर तो कोणाच्या हातात आहे ते पाहा. फक्त क्लबच्या हातात असेल तर चांगल्या हंगामानंतर तुम्ही जुन्याच पगारावर अडकता. बोनस गोल आणि विजयांवर बांधलेले असतात. बचावपटूने क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेला सामना) आणि खेळलेल्या सामन्यांवर मागावेत. कागद तुम्हाला न येणाऱ्या भाषेत असेल तर भाषांतर झाल्याशिवाय सही नाही, विमानतळावर तर नाहीच.

दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत द्या. तरी पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडता येतो. फिफाकडे दावा घटनेपासून दोन वर्षांच्या आत लागतो, म्हणून बँकेचे उतारे आणि निरोप जपून ठेवा. फिफप्रो या खेळाडूंच्या संघटनेशी जोडलेली संघटना बऱ्याच देशांत आहे. सदस्यत्व पहिल्याच वर्षी घ्या, भांडण सुरू झाल्यावर नाही.

१ जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमांनुसार किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. त्यातले आठ आठवडे तरी बाळंतपणानंतरचे, आणि रजेत पगाराचा किमान दोन-तृतीयांश भाग. देशाचा कायदा किंवा करार याहून जास्त देत असेल तर ते लागू. गरोदर राहिली म्हणून करार तोडता येत नाही. परतीला मात्र ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधी आणि धावणं नंतर, तेही विशेषज्ञ फिजिओच्या देखरेखीखाली. अमेरिकेची क्रिस्टी रॅम्पोन दोन बाळंतपणांनंतरही खेळत राहिली आणि २०१५ च्या विश्वचषकात चाळिशीत मैदानावर उतरली. तिच्या नावावर ३११ आंतरराष्ट्रीय सामने आहेत.

तिशीनंतर

सेंटर बॅक उशिरा पिकते. तिशीनंतर वेग थोडा उतरतो, खेळाचं वाचन वाढतं, आणि फुल बॅकला मध्ये सरकण्याची हीच वेळ असते. सराव कमी करा, पण पूर्ण वेगाची धाव सोडू नका. आठवड्यातून एकदा ३० मीटरच्या चार-सहा धावा, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून. ज्या पूर्ण वेगात पळणं बंद करतात, त्यांचा हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) सामन्यात पहिल्याच लांब चेंडूवर धरतो.

प्रशिक्षकाचे परवाने खेळत असतानाच घ्यायला लागा. युरोपात सी, बी, ए आणि प्रो असा क्रम आहे आणि प्रत्येक पायरीत प्रत्यक्ष संघाबरोबर काम दाखवावं लागतं. क्लबच्या मुलींच्या संघाला आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तर बी पर्यंतचं काम हंगामातच उरकतं. दहा वर्षं फळी हलवलेल्या खेळाडूला तिथे फारसं नवीन बोलावं लागत नाही, फक्त बाजूरेषेबाहेरून थोडं मोठ्याने.